आमच्या गच्चीवरची पेटी

बाळूशेठ गेला, असं परवा एस्तेरताईनं फोनवर सांगितलं. मी कुकरची शिटी काढत होते. "बरं झालं," मी म्हटलं. ताई पलीकडून म्हणाली, "असं बोलू नये गं रूथ, मेलेल्या माणसाबद्दल." काय बोलू नये ते मला कळतं. तिशी ओलांडलेली बाई मी, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते, पोरांकडून दहा आज्ञा पाठ करून घेते. तरी बरंच झालं. त्या माणसासाठी गाळायला माझ्याकडं एक टिपूस शिल्लक नाही आणि तसं खोटं खोटं रडायची मला सवयही नाही. ताईनं विषय बदलला, तिकडं बर्फ किती पडलाय ते सांगत बसली. तिनं त्याला कधीच माफ केलं. मला ते जमलं नाही, आणि जमावं असा मी फार प्रयत्नही केला नाही.

राहात्याला बाजारतळाच्या मागं, चर्चच्या पाठीमागच्या गल्लीत आमचं घर होतं. गल्लीतली बाकीची घरं बसकी, पत्र्याची नाहीतर एकमजली. आमच्याच घराला वर एक खोली आणि त्यावर गच्ची, कारण पप्पांनी ट्रकवर असताना जमवलेलं सगळं त्या खोलीत घातलं होतं. पप्पा महिन्यातून चारच दिवस घरी असायचे. ते आले की रविवारी मटण, एरवी आईच्या हातची शेंगोळी. हुलग्याच्या पिठाची ती वळलेली वेटोळी लसणाच्या फोडणीत रटारटा शिजायची आणि सगळ्या घराला तो वास लागायचा. ताईच्या नर्सच्या पांढऱ्या ड्रेसलासुद्धा. आई पहिलीच्या वर्गाची शिक्षिका. तिचा आवाज शाळेतून घरी येताना लहान व्हायचा नाही, त्यामुळं "रूथ, भाकरी परत" हे अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. दुपारी दोन वाजता रात्रपाळी करून झोपलेली ताई उठायची, तोंडावर पाणी मारायची आणि लॅपटॉपसमोर बसून जर्मन शिकायची. "इश हाइसे एस्तेर", म्हणजे माझं नाव एस्तेर, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते झोपेत यायला लागलं. आई भाकरी थापता थापता "दांके, दांके" असे जर्मन आभार मानायची आणि स्वतःच हसायची. ताईला जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात नोकरी हवी होती. दोन वर्षं तिनं त्यासाठी घासली होती. भाषेची परीक्षा पास झाली होती, कागद गेले होते, आता फक्त मुलाखत उरली होती. ती लॅपटॉपवर व्हायची होती. म्हणजे सगळं त्या नेटवर अडलेलं होतं.

आणि नेट बाळूशेठचं. गल्लीत दुसरं नेटच नव्हतं. मोबाईलवरचं नेट आमच्याकडं गच्चीच्या एका कोपऱ्यात यायचं, तेही मूड असला तर. बाळूशेठ आधी केबल टीव्हीवाला होता, मग त्याच वायरांच्या बाजूनं त्यानं नेटच्या वायरा ओढल्या आणि शेठ झाला. महिन्याला सातशे रुपये घ्यायचा आणि पडद्यावर चक्र फिरत राहायचं. ताईच्या मास्तरीणबाई वाक्य सुरू करायच्या आणि त्याचा शेवट आम्हाला कळायचा नाही, आणि जर्मनमध्ये म्हणे सगळं महत्त्वाचं शेवटीच असतं. आई एकदा भडकली. मला म्हणाली, "तू बारावीची परीक्षा देऊन रिकामी बसलीयस. जरा बाहेर जा, चार ठिकाणी विचार, स्वस्त आणि बरं नेट कुठलं ते बघ. मुलाखत तोंडावर आलीय, जमलं तर त्याआधीच बदलून टाकू." मला तर तेच हवं होतं. सतराव्या वर्षी घराबाहेर जायला कारण मिळणं म्हणजे केवढी चैन! मी नवी वही घेतली, सायकल काढली.

पहिलं ऑफिस बसस्टँडजवळ, काचेच्या दाराचं. तिथल्या लाल टी-शर्टवाल्या माणसानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तीन महिने तीनशे, मग पुढं साडेसहाशे, हे पुढचं तो जरा घाईनं म्हणाला म्हणून मी ते वहीत दोनदा लिहिलं. राऊटर त्यांचा, पण डिपॉझिट आपलं. पाऊस पडला तर बंद पडतं का, वायर तुटली तर किती दिवसांनी येता, रात्री आठनंतर स्पीड कमी होतो का, मी सगळं विचारलं. आईनं पाठवलेली पोरगी होते मी, भाजी घेतानासुद्धा देठ मोडून बघणारी. तो हसत हसत फॉर्म भरायला लागला. पत्ता विचारला. मी सांगितलं, चर्चमागची गल्ली. त्यानं पेनाला टोपण लावलं.

"ती गल्ली बाळूशेठची हाय."

"गल्ली नगरपालिकेची आहे," मी म्हटलं.

"तसं न्हाई ओ ताई. आमी तिकडं वायर टाकीत न्हाई, ते आमच्या गल्ल्यांत टाकीत न्हाईत. ठरलेलं हाय आमचं. वाटून घेतलंय सगळं गाव." मग अगदी गोड आवाजात त्यानं विचारलं, "नाव काय म्हणला तुमचं? आई कोण, शाळेतल्या बाई का?" मी सगळं सांगितलं. आडनावासकट सांगितलं. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशीच ताईची मुलाखत होती, साडेअकरा वाजता. आईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. भिंतीवर धुतलेली पांढरी चादर लावली, कुकर लावायचा नाही असा हुकूम निघाला, समोरच्या शेवंतामावशीला सांगून तिच्या कोंबड्या डालल्या. ताईनं निळा कुडता घातला होता, केस चापून बांधले होते, आणि ओठ हलवत पाठ केलेलं पुन्हा म्हणत होती. अकरा वीसला राऊटरवरचा हिरवा दिवा लाल झाला. आम्ही तिघी त्या दिव्याकडं बघत राहिलो. मी बाळूशेठला फोन लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. सात वेळा लावला. त्याच्या वायरमननं उचलला आणि म्हणाला, "शेठ म्हणले, बघू." ताई लॅपटॉप घेऊन गच्चीवर पळाली, आई मागं छत्री घेऊन, उन्हानं पडदा दिसेना म्हणून. मी मोबाईल उंच धरून कोपऱ्यात उभी. एक गोरी बाई पडद्यावर आली, काहीतरी म्हणाली आणि तोंड उघडं ठेवून तशीच थिजली. ताई "हॅलो, हॅलो, एन्टशुल्डिगुंग" करत माफी मागत राहिली. चार मिनिटांनी सगळंच बंद झालं. ताई रडली नाही. तिनं लॅपटॉप मिटला, कुडत्यानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि खाली जाऊन ड्युटीचा डबा भरायला लागली. दीड वाजता नेट आपोआप आलं. संध्याकाळी मेलही आला. दोन महिन्यांनी पुन्हा एकदा तारीख देऊ, ती शेवटची, आणि कृपया चांगल्या कनेक्शनची व्यवस्था करा.

मी कुणाला न सांगता बाळूशेठच्या ऑफिसात गेले. तो पंख्याखाली बसून बशीतून चहा पीत होता. पांढरा शर्ट, बोटात तीन अंगठ्या, समोर देवाचा फोटो आणि त्याला ताजा हार. मी म्हटलं, आज माझ्या बहिणीची मुलाखत होती. तो म्हणाला, "व्हय का? कळवायचं न्हाई का मग." मी म्हटलं, नेट का बंद होतं? त्यानं बशी खाली ठेवली, आणि माझ्याकडं बघून हसला. तो हसला हे मी विसरणार नाही.

"काल दुसऱ्याच्या दारात कशाला गेल्ती? वही घिऊन? मला फोन आला लगेच. म्हणलं, दोन तास बंद ठिवा बाईंची लाईन. अक्कल यावी म्हणून. आता आली न्हवं? जा घरी. बाईंना माझा नमस्कार सांग."

मी मागं वळले. बोलायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. सायकल हातात धरून चालत आले. वही घेऊन मी गेले होते. नाव-गाव मी सांगितलं होतं. ताईची दोन वर्षं माझ्या तोंडानं गेली होती आणि तो मुडदा त्यावर चहा पीत होता. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी ठरवलं, ह्याला ह्या गल्लीतून उठवायचा. नुसतं आपलं नेट बदलायचं नाही. त्याच्या सगळ्या वायरा निघाल्या पाहिजेत, आणि त्याच्या डोळ्यांदेखत.

घरी मी फक्त एवढंच सांगितलं की त्यानं मुद्दाम केलं. आईनं भिंतीवरची चादर काढून घडी घातली. मग म्हणाली, "देव बघून घेईल." मी मनात म्हटलं, देवाला गल्ल्या वाटून घेतलेल्या ठाऊक नसतील.

ते दिवस कुरडयांचे होते. आई सुट्टीच्या दिवशी पहाटे चीक शिजवायची आणि मी गच्चीवर साड्या पसरून कुरडया घालायचे. तिथंच, पाण्याच्या टाकीच्या स्टँडला, बाळूशेठची ती पेटी बांधलेली होती. राखाडी पत्र्याची. दोन वर्षांपूर्वी तो स्वतः येऊन आईला म्हणाला होता, "बाई, तुमची गच्ची उंच हाय. एवढी पेटी राहू द्या, तुमचे पन्नास रुपये कमी करतो." आईनं हो म्हटलं. आम्हाला वाटायचं, ती आमच्याच नेटची. त्या दिवशी कावळे हाकलत बसले असताना मला पहिल्यांदा ऐकू आलं की पेटीच्या आत पंखा फिरतोय, घर्रघर्र. हात लावला तर गरम. मागून काळ्या वायरा निघाल्या होत्या, आणि मी त्या मोजल्या. बावीस. एक आमच्या जिन्यात उतरत होती, बाकीच्या पत्र्यांवरून, जास्वंदीच्या झाडातून, विजेच्या खांबाला वळसा घालून घरोघर गेल्या होत्या. अख्खी गल्ली आमच्या गच्चीवरून चालली होती, आणि आमच्या मीटरवर. पेटीची वायर जिन्यातल्या बोर्डात खोचलेली होती. आत एक बॅटरी असायची म्हणे, वीज गेली तर, पण ह्या कंजूषाची बॅटरी केव्हाच संपलेली.

मी जिना उतरले, आजूबाजूला बघितलं आणि बटण बंद केलं. मग परत वर जाऊन कठड्याला टेकून उभी राहिले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग कोपऱ्यावरच्या घरातून आवाज आला, "ए, गेलं!" मग शेजारून, "तुमचं हाय का ओ?" "न्हाई, आमचं बी गेलं." "मेल्याला सातशे रुपये कशाला द्यायचे?" एका घरात मॅच चालू होती, तिथून तर बाळूशेठच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मी कठडा घट्ट धरला होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणाला मला जे सुख झालं तसं लग्नातही झालं नाही. वीस मिनिटांनी बटण चालू केलं आणि खाली जाऊन शांतपणे दोन भाकरी खाल्ल्या.

आता मला माणूस हवा होता, वायर टाकणारा. तो सापडला तो एका बाईच्या रूपात. नसीमभाभीचं नवऱ्याच्या मोबाईल दुकानातच नेटचं काम होतं, शिर्डी रस्त्याला. नवीन होती, वाटणीत तिला कुणी धरलेलं नव्हतं. चारशे रुपये, डिपॉझिट नाही, वायर तुटली तर त्याच दिवशी माणूस. मी तिला वहीतले सगळे प्रश्न विचारले. ती म्हणाली, "बेटा, तू घ्यायला आलीस का माझी परीक्षा घ्यायला?" मग पेन कानावर खोचून सरळ सांगितलं. "एका घरासाठी मी त्या बाळूशेठशी वैर घेणार नाही. दहा घरं आण, सह्या करून. दहाच्या खाली माझं वायरचंसुद्धा निघत नाही. आणि उंच गच्ची लागेल." गच्ची आहे, मी म्हटलं. घरं आणते.

माझा उद्योग सुरू झाला. रोज वेळ बदलायची. कधी सकाळी, कधी मालिकेच्या वेळी, कधी पोरांच्या क्लासच्या वेळी. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, फार नाही. वायरमन यायचा तोवर मी बटण चालू केलेलं असायचं. तो बिचारा गच्चीवर येऊन पेटी उघडायचा, फुंकर मारायचा, बंद करायचा. "खारी वायर कुरतडत्यात," म्हणायचा. मी त्याला पाणी आणून द्यायचे, वर पेरू. एकदा त्यानं पेटीतलं यंत्रच बदललं, बाळूशेठला चांगला फटका बसला असणार. मला कळल्यावर मी त्या दिवशी दोनदा बंद केलं. आणि नेट गेल्यावर लोक ओट्यावर येऊन शिव्या घालायला लागले की मी वही घेऊन हजर. "काकू, चारशेचं आहे. बंद पडत नाही." सही. पुढचं घर. सही. कुणी घाबरायचं, बाळूशेठ काय करील म्हणून, तर मी दोन दिवस थांबायचे आणि त्यांच्या टीव्हीच्या वेळी बटण दाबायचे. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच विचारायचे, "रूथ, ती वही कुठंय गं?" ताईच्या दुसऱ्या मुलाखतीला बारा दिवस उरले तेव्हा माझ्याकडं नऊ सह्या होत्या. वायर टाकायला चार-पाच दिवस लागणार होते. दहावं घर मिळेना.

उरलेल्यांत मी जिच्यावर आशा ठेवली होती ती समोरची शेवंतामावशी. तिची एकटीची संसारातली वर्दळ म्हणजे चार कोंबड्या आणि एक मोबाईल. मुलगा फौजेत, कुठंतरी डोंगरात वर. तो रोज सव्वाआठला दहा मिनिटं व्हिडिओवर दिसायचा, त्याला तेवढाच वेळ मिळायचा. मावशी आठ वाजल्यापासून पदर नीट करून, कुंकू ठीक करून मोबाईलसमोर बसलेली असायची. आमच्या गच्चीवरून तिची खिडकी दिसायची. मी वही घेऊन गेले तर ती म्हणाली, "बाळू माझ्या माहेरचा हाय, बाई. त्याच्या आईनं मला कडेवर खेळवलंय. कसं सोडू सांग? आन् माझं तर चांगलं चालतंय. राती कधीच जात न्हाई."

रात्री जात नव्हतं, कारण सव्वाआठची वेळ मी आजवर सोडली होती. कुणी सांगितलं नव्हतं, मीच सोडली होती. तेवढी माणुसकी शिल्लक होती माझ्यात. मी घरी आले. ताई ड्युटीवर जायला निघाली होती, चपला घालता घालता शब्द पुटपुटत होती. मला म्हणाली, "ह्या वेळी नाही झालं ना रूथ, तर मग सोडून देऊ. मला पुन्हा सगळं नाही जमणार." ती गेली. आठ वाजले. आई पाटावर बसून वह्या तपासत होती. मी गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला म्हणून जिन्यात गेले.

पहिल्या दिवशी मी आठ सोळाला बटण बंद केलं आणि गच्चीवर गेले. बघायला नको होतं, पण गेले. मावशी मोबाईल कानाशी नेत होती, परत तोंडासमोर धरत होती. "हॅलो, बाळा, दिसंना रे… हॅलो." मग ती खिडकीतून उठली आणि अंगणात आली, मोबाईल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. माझ्याच खाली उभी राहिली होती. मान वर केली असती तर मी दिसले असते. साडेआठला मी बटण चालू केलं, तेव्हा पलीकडचा पोरगा गेलेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मला कळत होतं की हे बरोबर नाही, आणि बोट बटणावरच होतं. ताईचा मिटलेला लॅपटॉप आठवला, बाळूशेठची बशी आठवली, आणि मी दाबलं. चौथ्या दिवशी सकाळी मावशी स्वतः आली. डोळे सुजलेले. "आण ती वही," म्हणाली. "तीन दिस झाले, पोराचं तोंड दिसलं न्हाई. जळो त्या बाळ्याचं नेट. माहेर काय करायचंय?" तिला लिहिता फारसं यायचं नाही. तिनं वाकडंतिकडं नाव काढलं, आणि वर माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

नसीमभाभी बोलल्यासारखी वागली. तिची दोन माणसं शिड्या घेऊन आली आणि पाच दिवसांत वायरा टाकून झाल्या. दहाची चौदा घरं झाली. वायरा आमच्या गच्चीवरून गेल्या, पण पेटी तिनं मावशीच्या भिंतीला आपल्या नावाच्या वेगळ्या मीटरवर लावली, "दुसऱ्याच्या विजेवर धंदा करायचा नसतो," म्हणाली. शुक्रवारी साडेअकराला ताई पांढऱ्या चादरीसमोर बसली. पन्नास मिनिटं. एकदाही चक्र फिरलं नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात श्वास रोखून, आणि ताई पलीकडं जर्मनमध्ये चक्क हसली, तिच्या नेहमीच्या हसण्यानं. दुसऱ्या दिवशी निवडीचा मेल आला. आईनं शेजारपाजारी पेढे वाटले आणि बाळूशेठला फोन करून सांगितलं, तुमची पेटी घेऊन जा.

तो रविवारी आला, चर्च सुटल्यानंतर, सगळी गल्ली घरात असताना. सोबत वायरमन. पण गच्चीवर न जाता ओट्यासमोरच उभा राहिला आणि मोठ्यानं ओरडायला लागला. लोक बाहेर आले. त्याच्या हातात मोबाईल होता. "बघा, सगळ्यांनी बघा! त्या पेटीची यादीच निघती मोबाईलवर. हे बघा, पॉवर गेली, पॉवर आली. पॉवर गेली, पॉवर आली. गल्लीत लाईट हुती तवा! माझं नेट खराब न्हवतं. बाईंच्या जिन्यात बटन हाय, आन् ही पोरगी बंद करायची. दोन म्हैने! ह्या बाईमाणसाचा फोन बी हिनंच तोडला, ओ मावशी, सव्वाआठचा!"

त्यानं बोललेला शब्द न् शब्द खरा होता. आणि कुणाचाही विश्वास बसला नाही. मॅचवाले काका म्हणाले, "शेठ, आता पोरींवर ढकलताय व्हय? लाज वाटू द्या." कुणीतरी हसलं. शेवंतामावशी तर त्याच्या अंगावर धावून गेली. "लेकरावर आळ घेतोस बाळ्या? ह्या पोरीमुळं मला माझा पोरगा दिसाया लागला. तुझ्या आईला सांगते बघ तुझं!" त्याचा चेहरा मी बघितला. खरं बोलून खोटा पडलेला माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं तसंच झालं होतं, त्याहून चांगलं झालं होतं. दोन महिने मी ह्याच क्षणासाठी जिना चढले-उतरले होते.

तेवढ्यात आई माझ्याकडं वळली. शाळेतला आवाज नव्हता. हळू विचारलं, "रूथ, तू बंद करायचीस?"

सगळे बघत होते. मावशीचा हात माझ्या खांद्यावर होता. मी आईच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही."

आई बाळूशेठला म्हणाली, "माझी मुलगी खोटं बोलत नाही. पेटी काढून घ्या." ती त्याला वाट दाखवायला जिन्यात पुढं झाली, मी तिच्या मागं. बोर्डावर चार बटणं होती. तिनांवर चुन्याची आणि वर्षांची धूळ बसलेली. चौथं स्वच्छ होतं, बोटानं पुसून पुसून पांढरंशुभ्र. आई त्याच्यासमोर थांबली. फार नाही, एक पायरी चढायला लागतो तेवढाच वेळ. मग प्लग उपसून तिनं वायर बाळूशेठच्या हातात दिली. तो पेटी खांद्यावर टाकून गेला आणि पुन्हा त्या गल्लीत आला नाही. पुढं आजूबाजूच्या दोन गल्ल्याही नसीमभाभीनं घेतल्या. त्याचा धंदा हळूहळू बसला. मला त्याचं आजही दुःख नाही, हे मी परत लिहिते.

आमच्याकडं दिवेलागणीला घरची प्रार्थना व्हायची. एक गीत, एक उतारा, आणि मग पाळीनं एकेकीनं प्रार्थना करायची. त्या संध्याकाळी पाळी माझी होती. मी चटई टाकली, डोक्यावर ओढणी घेतली, डोळे मिटले आणि तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "आज मी करते." तिनं ताईच्या नोकरीबद्दल उपकार मानले. पप्पांच्या ट्रकला सांभाळ म्हणाली. शेवंतामावशीच्या मुलाला डोंगरात थंडी लागू देऊ नको म्हणाली. नसीमभाभीच्या धंद्याला यश दे. मग थोडी थांबली आणि म्हणाली, बाळूशेठला क्षमा कर, प्रभू, आणि त्याच्या घरच्यांचं बघ. एकेकाचं नाव घेऊन झालं. मी मान खाली घालून माझ्या नावाची वाट बघत होते. आई आमेन म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.